न्हाणीघराची हवा

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'हवा' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, म्हणून पाचवीच्या मुलांना तो फार आवडतो. उर्दूत लिहिलेला 'हवा' मुलं कधी 'हुआ' असाही वाचतात, कारण दोन्हींची अक्षरं तीच. आणि मराठीच्या तासाला मी फळ्यावर 'मला पंखा हवा' असं लिहिलं की एखादा हमखास विचारतो, "सर, पंखा का हवा?" वर्ग हसतो, मीही हसतो. वीस वर्षं या शब्दावर आम्ही असे हसत आलो. गेल्या जानेवारीत मात्र घरातल्या एका खोलीत हवा नव्हती म्हणून काय होऊ शकतं, ते मी पाहिलं. ती गोष्ट आज सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, कारण चूक माझ्या हातची होती.

आम्ही मिरजेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात पाच माणसं: अम्मा, मी, पत्नी, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. बाथरूम एकच, पाच फूट बाय सात फूट. त्याला वर एक छोटी खिडकी आहे, काचेच्या पट्ट्यांची. ती इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. म्हणजे खिडकीतून ना आभाळ दिसतं ना झाड. समोर पाइप आणि कबुतरं.

आता पाच माणसांच्या नमाजी घरातलं बाथरूम म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. फजरच्या आधीपासून वुजू सुरू होतो. मग शाळा-कॉलेजाच्या आंघोळी, मग कपडे, मग जोहरचा वुजू. एक वुजू वाळतो न वाळतो तोच दुसरा. इशा होईपर्यंत फरशीला कोरडं होण्याची सवड मिळत नाही. जुम्म्याच्या दिवशी तर विचारूच नका. आम्हाला याचं कधी काही वाटलं नाही. उलट पाणी वाहतंय म्हणजे घर पाक आहे, अशीच आमची समजूत होती.

पण तीन-चार वर्षांत भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. टॉवेलला कुबट वास येऊ लागला. दाराची चौकट खालून फुगली. पावसाळ्यात बाथरूमला लागून असलेल्या अम्माच्या खोलीची भिंतही ओलसर लागायची. अम्माला जुना दमा आहे. रात्री ती उठून बसायची आणि खोकायची. आम्ही भिंत खरवडली, रंग दिला. सहा महिन्यांत ठिपके परत. कोणी म्हणालं पाइप गळतोय, कोणी म्हणालं वरच्यांचं बाथरूम गळतंय. प्लंबर आला, फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून गेला. डांबराच्या गोळ्या टांगून झाल्या. एवढं सगळं केलं, पण त्या खोलीतली ओली हवा बाहेर जाते कुठून, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

आणि मी तर बी.एड. झालेला माणूस. 'आदर्श वर्गखोली' या प्रश्नाच्या उत्तरात 'खिडक्या समोरासमोर असाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते' असं लिहून मी मार्क मिळवले आहेत. वर्गात गेलो की पहिल्यांदा खिडक्या उघडायला लावतो. घरात मात्र उलट केलं. डिसेंबरात थंडी वाढली. पहाटे वुजूला गेलं की त्या काचेच्या पट्ट्यांतून गार वारा अंगावर यायचा. अम्मा म्हणाली, "त्या खिडकीचं काही तरी कर रे, छातीत गारठा बसतो." मी वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापला आणि खाकी टेपनं खिडकीवर चिकटवला. काम चोख झालं. अम्मानं दुआ दिली.

त्याच बाथरूममध्ये, नळाच्या वर, गॅसचा गिझर होता.

जानेवारीतला जुम्मा होता. मुलगी सकाळी सहाला आंघोळीला गेली. केस धुवायचे होते, त्यामुळे वेळ लागणार हे धरलेलंच होतं. वीस मिनिटं झाली, पाण्याचा आवाज सुरूच. पत्नीनं हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्या हाकेला कडी वाजली आणि दार उघडलं. मुलगी गाऊन गुंडाळून कशीबशी बाहेर आली आणि दारातच बसली. "अम्मी, डोकं फुटतंय," म्हणाली आणि तिला उलटी झाली. चेहरा मात्र फिकट नव्हता.

आम्ही काय काय ठरवलं ऐका. पत्नी म्हणाली, रिकाम्या पोटी गरम पाणी, पित्त झालं. अम्मा म्हणाली, काल लग्नात नवे कपडे घातले होते, नजर लागली. मी म्हणालो, रात्री जागून मोबाइल बघते. तिघांनीही पोरीवर किंवा लोकांवर ठपका ठेवला, खोलीवर कोणी ठेवला नाही. नशीब एवढंच की ती नीट उभी राहू शकत नव्हती, म्हणून मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात परिचारिकेनं बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. मला हायसं वाटलं. ऑक्सिजन तर भरपूर आहे! डॉक्टर आले, तिला दोन प्रश्न विचारले आणि मग माझ्याकडे वळले. "घरी गॅसचा गिझर आहे?" आहे. "बाथरूमच्या आत?" हो. "खिडकी?" मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "आहे, पण बंद केली आहे."

त्यांनी लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला आणि रक्त तपासायला पाठवलं. नंतर शांतपणे समजावलं. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत गिझर जळत राहिला की हवा पुरत नाही, ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. हा वायू ज्योतीतून तयार होतो, तेव्हा वास येण्याचा प्रश्नच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आणि बोटाच्या साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव दिसत होतं. "तिनं स्वतः कडी काढली हे बरं झालं," एवढंच ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. मला ते ऐकू आलं.

संध्याकाळी मुलीला घरी आणलं. अल्लाहचा शुक्र, डोकेदुखी दोन-तीन दिवसांत गेली. त्या रात्री मी स्टुलावर चढून पुठ्ठा काढला. टेप इतकी पक्की बसली होती की काचेच्या दोन पट्ट्या निघाल्या. अम्मा दारात उभी होती. "मीच लावायला सांगितलं होतं रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुम्ही थंडी वाजते एवढंच सांगितलं अम्मा. पुठ्ठा मी लावला." ती काही बोलली नाही. आम्ही दोघंही बराच वेळ त्या उघड्या चौकोनाकडे बघत होतो.

मला तेव्हा गावचं घर आठवलं. तासगाव तालुक्यातलं आमचं घर. न्हाणी परसात होती. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा, वर अर्धं पत्र्याचं छप्पर. तांब्याचा बंब न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर. दादी पहाटे त्यात गोवऱ्या घालायची आणि धूर सरळ आभाळात जायचा. बादली भरून आत न्यायची, बंब आत न्यायचा नाही. आग बाहेर आणि पाणी आत. कोणी हे शिकवलं नव्हतं, घरच तसं होतं. शहरात येताना न्हाणी घराच्या पोटात आली, अम्माच्या उशापासून चार फुटांवर. बंबही आत आला. फक्त परसातला वारा तेवढा मागे राहिला.

लहानपणापासून आम्हाला तहारत शिकवली जाते. पाणी कसलं पाक, कसलं नापाक, किती वेळा धुवायचं, सगळं तोंडपाठ. मदरशात शिकलो, नंतर मुलांनाही शिकवलं. पण पाण्यानं धुतलेली जागा वाळावी लागते, हे त्यात गृहीत होतं, कारण तेव्हा वारा फुकट होता. आता तो मुद्दाम आणावा लागतो, एवढं साधं मला पंचेचाळिशीत कळलं.

दुसऱ्याच दिवशी गॅसचा गिझर काढून टाकला. पंधरा लिटरचा विजेचा बसवला, अर्थिंग तपासून आणि बोर्डावर शॉकपासून वाचवणारा ईएलसीबी लावून. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ही गोष्ट ऐकून बरेच जण म्हणतात, "मग काय, आम्ही एक्झॉस्ट फॅन लावतो आणि गिझर तसाच ठेवतो." असं करू नका. वीज गेली, कोणी बटण दाबायला विसरलं, पंखा जाळीला धूळ धरून मंद झाला, की आपण परत तिथेच. गॅसचाच गिझर हवा असेल तर तो उघड्या गॅलरीत, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाणी पाइपनं आत आणावं. दादीच्या बंबासारखं. पंखा ओल काढण्यासाठी आहे, बंद खोलीत आग ठेवण्याचा तो परवाना नाही.

मग पंखा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा बाथरूमला कुठलाही चालतो, सर." पण मी आता 'कुठलाही चालतो' या शब्दांना घाबरलो होतो. खोक्यावरचे आकडे वाचले, घरी आलो आणि मुलाला गणित घातलं. लांबी सात, रुंदी पाच, उंची नऊ. ३१५ घनफूट, म्हणजे साधारण ९ घनमीटर हवा. बाथरूममधली सगळी हवा तासाला किमान आठ-दहा वेळा बदलावी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे तासाला ७२ ते ९० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. खोक्यावर हा आकडा घनमीटर प्रति तास असा असतो, नाहीतर सीएफएममध्ये. एक सीएफएम म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रति तास. चार इंची छोटा पंखा कागदावर जेमतेम पुरत होता. पण खोक्यावरचा आकडा पंख्यापुढे काही अडथळा नसतानाचा असतो. झडपा, जाळी, पाइपचं वळण, वर्षाची धूळ, या सगळ्यांनी तो कमी होतो. शिवाय आमच्या घरातले वुजू. म्हणून सहा इंची घेतला.

घेताना आणखी चार गोष्टी पाहिल्या. मागे आपोआप मिटणाऱ्या झडपा आहेत का, म्हणजे बंद असताना कबुतराचं पीस आणि वरच्यांचा वास आत येणार नाही. आवाज किती, कारण पहाटे पंखा घरघरला तर घरातलं कोणी लावणार नाही आणि न लावलेला पंखा काय कामाचा! स्वयंपाकघरातले लोखंडी पंखे जोरकस असतात, पण अम्माची खोली शेजारी म्हणून तो विचार सोडला. जाळी हातानं काढून धुता येते का. आणि माप. पंख्याचं सहा इंच हे पात्यांचं माप असतं, भोक त्याहून मोठं लागतं. ते खोक्यावर वेगळं लिहिलेलं असतं. हे न पाहता खिडकीची चौकट कापली तर दोनदा खर्च.

बसवायला माझा जुना विद्यार्थी आला. आठवीत मराठीत काठावर पास झालेला, आज चांगला इलेक्ट्रिशियन. त्यानं पंखा छताजवळ, दारापासून लांबच्या टोकाला, खिडकीच्याच जागी बसवला. बटण बाथरूमच्या बाहेर घेतलं, ओला हात लागू नये म्हणून. पंखा सुरू झाला. मी खूश. त्यानं खिशातून पातळ कागदाचा तुकडा काढला आणि बाथरूमचं दार लावून घेऊन पंख्याच्या जाळीशी धरला. कागद जाळीला टेकला आणि गळून पडला. मग त्यानं दार चार बोटं उघडलं. कागद टपकन जाळीला चिकटला आणि तिथेच राहिला.

"सर, हवा बाहेर जाणार म्हणता. पण आत येणार कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं फायबरचं दार खाली उंबऱ्याला घट्ट बसत होतं. पंखा रिकाम्या बाटलीतून ओढावं तसं ओढत होता. तो म्हणाला, दाराच्या खालच्या भागात झरोक्याची जाळी बसवू. पत्नीला ते पटेना. "दारात जाळी? पडद्याचं काय?" त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. पट्ट्या खालच्या बाजूला तिरप्या असतात, हवा येते, नजर येत नाही. तिनं दोन्ही बाजूंनी वाकून खात्री करून घेतली आणि मगच हो म्हणाली. जाळी बसली. आता दार बंद असतानाही कागद चिकटून राहतो. मी त्याला म्हणालो, "तुला मराठीत आणखी मार्क द्यायला हवे होते." तो म्हणाला, "विज्ञानातही काठावरच होतो, सर."

एक काम अजून बाकी होतं. आमची हवा डक्टमध्ये जाणार, मग डक्टमधून कुठे? गच्चीवर जाऊन पाहिलं तर पावसासाठी डक्टच्या तोंडावर हिरवे फायबरचे पत्रे घट्ट ठोकलेले. म्हणजे सहा घरांची ओल एकाच चिमणीत कोंडलेली. आमचा पंखा ती शेजाऱ्यांच्या खिडकीत ढकलणार. शेजाऱ्याचा हक्क आपण भाषणात पुष्कळ सांगतो. मी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. पत्रे काढू नका, फूट-दीड फूट वर उचला, बाजूंना कबुतरांची जाळी लावा. खर्च किती, कोण देणार, यावर तासभर वाद. तेव्हा मला मुलीची गोष्ट सांगावी लागली. पुठ्ठ्यासकट. बैठक गप्प झाली. मग तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमचाही गिझर आतच आहे हो." आणखी एक हात वर झाला. पत्रे पुढच्या आठवड्यात वर उचलले गेले. ते दोन्ही गिझरही गॅलरीत गेले.

फेब्रुवारीत पालकसभा होती. अजेंड्यावर गैरहजेरी आणि सराव परीक्षा. शेवटी मी पाच मिनिटं मागून घेतली आणि हेच सांगितलं. पोटात गोळा आला होता. शिक्षकानं आपल्या घरातली चूक चारचौघांत सांगायची म्हणजे अवघडच. सभा संपल्यावर एक आई थांबली. म्हणाली, "सर, माझा मुलगा हिवाळ्यात आंघोळीनंतर रोज डोकं धरून बसतो. मी त्याला शाळा चुकवायचं नाटक म्हणून मारलं आहे." मी तिला एवढंच विचारलं, "खिडकी आहे का?"

आता पंखा बसून जवळपास वर्ष होईल. खर्चाचं विचाराल तर आमचा पंखा ३० वॉटचा आहे. दिवसाला एकूण दोन तास चालला तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू ठेवतो, कारण माणूस बाहेर आला तरी वाफ आतच असते. फरशीवरचं पाणी वायपरनं ओढून घेतो. ज्या पाण्याला पंख्यानं वाळवायला तास लागतो, ते वायपर अर्ध्या मिनिटात काढतं. महिन्यातून एकदा मुख्य बटण बंद करून जाळी धुतो. काळे ठिपके पंखा बसवण्याआधी घासून काढले होते. तेव्हा ब्लीचिंग पावडर वापरली, पण त्यात ॲसिड अजिबात मिसळलं नाही, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. ठिपके या पावसाळ्यात एका कोपऱ्यात थोडे आले, पूर्वीसारखी पूर्ण भिंत काळी झाली नाही. अम्माच्या खोलीची भिंत कोरडी आहे. तिचा दमा गेलेला नाही, पंख्यानं दमा जात नसतो. औषधाचा पंप तिच्या उशाशीच आहे. पण या पावसाळ्यात रात्री उठून बसणं कमी झालं.

थंडी पुन्हा आली आहे. परवा फजरला अम्मा वुजू करून बाहेर आली, बटण दाबून पंखा लावला आणि शाल आवळत म्हणाली, "गारठा आहेच रे." मी म्हणालो, "खिडकी बंद करू का?" तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मुसल्ला अंथरला. आतमध्ये पंखा फिरत होता. मुलगी शाळेच्या आंघोळीसाठी टॉवेल घेऊन उभी होती.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा बहुधा रात्र असेल. सकाळची वाट बघू नका. उठा आणि आपल्या न्हाणीघराची खिडकी बघून या. थंडीसाठी कोणी पुठ्ठा, कापड, जुनं कॅलेंडर लावलं असेल तर काढा. आत गॅसचा गिझर असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत लावू नका. पाणी चुलीवर तापवा आणि बादलीनं आत न्या. पंख्याचं दुकान उद्या उघडेल.